बोंडूच्या सरबतासाठी कुठलं दार ठोठवायचं?

गेल्या मे महिन्यात वयनीच्या माळ्यावर रात्री दोनच्या सुमाराला पहिलं बूच उडालं. घरात सगळ्यांना वाटलं, मांजर. दुसरं उडालं तेव्हा दादा बॅटरी घेऊन वर गेला. काजूबोंडाच्या सरबताच्या बाटल्या फसफसत होत्या आणि पाक फळ्यांच्या फटीतून खाली ठिबकत होता. उजाडेपर्यंत चाळीसेक बाटल्या गेल्या. उरलेल्या अंगणात नेऊन एकेक उघडल्या आणि माडाच्या आळ्यात ओतल्या. अकरा बायकांच्या बचत गटाची दोन आठवड्यांची मेहनत होती ती.

तेव्हापासून जो तो वयनीला सल्ला देतोय. सरपंच म्हणतात, कृषी विज्ञान केंद्रात जा. भाचा इंजिनीअरिंगला आहे, तो म्हणतो आमचं कॉलेज गावं दत्तक घेतं, मशीन बनवून देईल. बँकेतल्या साहेबांनी पीएमएफएमईचं, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेचं, माहितीपत्रक हातात दिलं. गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याने तर कमाल केली: "काकी, स्टार्टअप काढा, सरकार पंचवीस लाख देतं." शेवटी वयनी माझ्याकडे आली. "भावजी, माका एकच सांगा, खंयच्या दारात जाव?"

माझी सावंतवाडी तालुक्यात छोटी काजू फॅक्टरी आहे. वीस वर्षांत या सगळ्या दारांत मी कधी स्वतःसाठी, कधी दुसऱ्याचे अर्ज घेऊन उभा राहिलोय. त्यामुळे वयनीला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडतो. बोंडूच्या जागी कोकम, फणसपोळी, आमसुलं, सुकी मासळी काहीही घाला, हिशोब फारसा बदलत नाही.

दारामागचं रजिस्टर

ही सगळी दारं एकाच हेतूने बांधलेली आहेत. विद्यापीठात, संशोधन केंद्रात जे कळलंय ते शेतकऱ्यापर्यंत, छोट्या धंद्यापर्यंत, गावापर्यंत पोचावं आणि त्यासाठी लागणारा पैसा सरकारने द्यावा. पैसा सरकारी म्हटला की त्याचा हिशोब द्यावा लागतो. हिशोब द्यायचा तर काहीतरी मोजावं लागतं. कुणी प्रशिक्षणाला आलेली माणसं मोजतं, कुणी दत्तक घेतलेली गावं, कुणी स्टार्टअप, कुणी मंजूर झालेली कर्ज प्रकरणं. दाराआडच्या माणसाचं वर्ष त्या रजिस्टराभोवती फिरतं. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्याची नोकरीच त्यावर चालते.

म्हणून माझा पहिला प्रश्न "योजना चांगली की वाईट" असा नसतोच. इथे काय मोजतात, आणि जे मोजतात तेच मला हवंय का? दोन्ही जुळलं तर काम झटकन होतं. नाही जुळलं तर फोटो निघतो, चहा मिळतो आणि बाटल्या पुन्हा फुटतात.

हे काही आपलंच दुखणं नाही. इंग्लंडमध्ये विद्यापीठांनी उद्योगांना आणि समाजाला ज्ञान द्यावं म्हणून वेगळा सरकारी निधी आहे, त्याला एचईआयएफ म्हणतात. तो सूत्राने वाटला जातो आणि सूत्राचा पाया म्हणजे विद्यापीठाने बाहेरून काय कमावलं: सल्ल्याची फी, करारावरचं संशोधन, प्रशिक्षण, पेटंटचं उत्पन्न. पैसे देणारा खरंच काहीतरी घेऊन गेला असणार, हा त्यामागचा विचार. आता यात मोठ्या कंपन्यांकडे धावणारं विद्यापीठ आपोआप पुढे जाणार. म्हणून २०११ ते २०१५ च्या सूत्रात छोट्या धंद्यांकडून आलेलं उत्पन्न दुप्पट धरलं गेलं. एवढं करूनही जे विद्यापीठ त्या सूत्राने अडीच लाख पौंडांपर्यंत पोचत नसे त्याला या निधीतून काहीच मिळत नसे. म्हणजे तिथेही रजिस्टर आहेच, फक्त रकाना वेगळा. आपल्याकडे डोकी मोजतात, तिकडे फी मोजतात. वयनीच्या गटाला फी परवडणारी नाही, त्यामुळे डोकी मोजणारी पद्धत तिच्या बाजूची आहे, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

पहिलं दार: कृषी विज्ञान केंद्र

देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघालं. आज सातशेच्या वर केंद्रं आहेत आणि कोकणात पालघरच्या कोसबाड टेकडीपासून सिंधुदुर्गातल्या किर्लोसपर्यंत ती पसरलेली आहेत. काही कृषी विद्यापीठाची, तर काही स्थानिक संस्थांनी चालवलेली. पैसा मात्र सगळ्यांना भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा यांच्यावर पुण्याचं विभागीय कार्यालय, म्हणजे अटारी, देखरेख ठेवतं. एका केंद्रात मंजूर पदं सोळा. त्यात एक प्रमुख आणि सहा विषय विशेषज्ञ. या सहांपैकी गृहविज्ञान किंवा अन्नप्रक्रिया बघणारी व्यक्ती असेल तर वयनीचं काम तिथेच.

इथे मोजतात काय? प्रशिक्षणं, प्रात्यक्षिकं, शेतावरच्या चाचण्या आणि त्यांना आलेली माणसं. दारात पाऊल टाकताच नाव, गाव, मोबाइल, सही. पहिल्यांदा मला याचा राग यायचा. आता नाही येत, कारण त्या सहीच्या बदल्यात जे मिळतं ते फुकट असतं आणि बहुतेक वेळा नेमकं असतं.

वयनीला घेऊन मी जूनमध्ये गेलो. फुटक्या लॉटमधली एक बाटली बरोबर होती. तिथल्या मॅडमनी रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे विरघळलेली साखर मोजणाऱ्या पेनएवढ्या जाड नळीच्या, काचेवर एक थेंब टाकला, झाकण लावलं आणि उजेडाकडे धरून वयनीला म्हणाल्या, "तुम्हीच बघा, निळं कुठे संपतं." चोपन्न टक्के. सरबताचं सिरप करायचं तर त्यात एकूण विद्राव्य घटक किमान ६५ टक्के आणि फळाचा रस किमान २५ टक्के लागतो. चोपन्नवर साखर कमी, पाणी जास्त, म्हणजे यीस्टला मेजवानी. आमच्या आया-आज्यांची एकतारी पाकाची परीक्षा कोकमाला चालून जाते, कारण कोकम मुळात जहाल आंबट. बोंडू तसा नाही.

दुसरी गोष्ट तुरटपणाची. बोंडूचा रस घशात धरतो तो त्यातल्या टॅनिनमुळे. वयनी तो उकळून घालवायला बघत होती, त्यात चवच जात होती. मॅडमनी साबुदाणा दाखवला. लिटरभर रसाला पाच ग्रॅम साबुदाणा कुटायचा, थोड्या पाण्यात शिजवून त्याची खळ करायची, गार झाली की रसात ढवळायची आणि भांडं बारा तास हलवायचं नाही. सकाळी तळाला गढूळ साका आणि वर नितळ पिवळसर रस. गाळायचा, बस. बोंडूवर बरंचसं काम झालंय ते केरळ कृषी विद्यापीठात आणि कर्नाटकातल्या पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयात. तिकडचं शहाणपण आमच्या स्वयंपाकघरात साबुदाण्यासकट आलं, एक रुपया न देता. ज्ञानाचा प्रसार वगैरे जे म्हणतात ते मला त्या भांड्यात दिसलं.

मग या दारात खोट काय? केंद्राचं काम शिकवण्यापर्यंत. बाटली कुठे मिळेल, लेबल कसं छापायचं, पणजीच्या दुकानदाराने तीन महिने पैसे अडवले तर काय करायचं, हे त्यांच्या रजिस्टरात नाही. आणि एकदा प्रशिक्षण झालं की तुमचं नाव "लाभार्थी" म्हणून चढतं. तुम्ही पुन्हा त्याच शंकेसाठी गेलात तर आकडा वाढत नाही. भले लोक तरीही मदत करतात, पण ती त्यांची भलाई. तिच्यावर धंदा बेतू नये.

दुसरं दार: विद्यापीठ आणि त्याची संशोधन केंद्रं

दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या जमीन-अनुदान (सरकारने दिलेल्या जमिनीच्या जोरावर निघालेल्या) विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली. तिकडे १९१४ च्या एका कायद्याने विद्यापीठाचं शेतकऱ्यापर्यंत जाणं सरकारी खर्चात बसवलं गेलं होतं. त्यामुळे शिक्षण आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तार, म्हणजे शेतकऱ्यापर्यंत जाणं, हा दापोलीच्या कामाचा तिसरा पायच आहे. मुंबई विद्यापीठाच्या प्राध्यापकाने गावात यावं ही त्याची हौस. दापोलीच्या प्राध्यापकाने यावं हे त्याचं काम. हा फरक दारात उभं राहिल्यावर जाणवतो.

इथे मोजतात ते वाण, शिफारशी, अवजारं आणि शोधनिबंध. चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक भरते, जिला सगळे जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात, तिथे नव्या वाणांवर आणि शिफारशींवर शिक्का बसतो. शिक्का बसेपर्यंत काही वर्षं चाचण्या चाललेल्या असतात. घाई असलेल्या माणसाने या दारात उभं राहू नये.

पण थांबायची तयारी असेल तर कोकणाला सगळ्यात मोठं देणं याच दारातून आलंय. आमच्याकडे लागणाऱ्या काजूच्या बागा बघा. वेंगुर्ला-४ हा वाण १९८१ चा, वेंगुर्ला-७ हा १९९७ चा. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र अखिल भारतीय समन्वित काजू प्रकल्पात आहे. असे प्रकल्प ७५ टक्के केंद्र सरकारच्या आणि २५ टक्के राज्याच्या पैशांवर चालतात. वेंगुर्ला-७ ची बी दहाएक ग्रॅमची. माझ्या फॅक्टरीत तिचा गर वेगळा ओततो, कारण तो मोठ्या प्रतीत जातो आणि मोठ्या प्रतीला भाव असतो. माझ्या बागायतदारांनी एकही शोधनिबंध वाचलेला नाही. त्यांनी कलम विकत घेतलं, खड्डा खणला आणि लावलं. संशोधन गावात पोचवायला कलमासारखी दुसरी वस्तू नाही. त्याला ना मीटिंग लागते ना पॉवरपॉइंट.

आंब्याचा नूतन झेला, म्हणजे फळ उतरवायची जाळीची काठी, तसाच. विद्यापीठाने तो बनवला तो फळ देठासकट उतरावं म्हणून. देठ राहिला की चीक सालीवर येत नाही, डाग पडत नाहीत. आज गावोगावचे लोहार तो बनवतात आणि मूळ कुणाचा हे कुणाला आठवतही नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नोंदणीतही विद्यापीठ आहे.

तर वयनीसाठी या दाराचा उपयोग किती? सरबतासाठी थोडा, बागेसाठी भरपूर. तिच्या गटातल्या सात बायकांच्या बांधावर जुनी बियांपासून आलेली झाडं आहेत. ती म्हातारी झाली की कलमं इथूनच घ्यावीत. पावसाच्या तोंडावर रांग लागते, तेव्हा नोंदणी आधीच करायची.

विद्यापीठाकडे पैसे देऊन सल्ला, चाचणी, तंत्रज्ञान घेण्याचीही सोय असते. वर्षाला काही हजार बाटल्या खपायला लागल्या, चव बदलायचीय, टिकवण वाढवायचीय, असा नेमका प्रश्न हातात असला तर फी भरून विचारणं मला फुकट सल्ल्यापेक्षा बरं वाटतं. फी भरलेल्या माणसाला उत्तराची तारीख मागता येते.

मासळीवाल्यांसाठी एकच ओळ: तुमचं दार रत्नागिरीतलं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. तेही दापोलीच्याच छत्राखाली. वरचं सगळं त्यालाही लागू.

तिसरं दार: कॉलेज

भाच्याच्या कॉलेजबद्दल मी जरा सावध आहे. कारण सांगतो.

कॉलेजांना गावांशी जोडणारं केंद्र सरकारचं उन्नत भारत अभियान २०१४ मध्ये सुरू झालं, २०१८ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला. आयआयटी दिल्ली समन्वय करते. भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने किमान पाच गावांचा समूह घ्यायचा. महाराष्ट्राने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं. त्यामागे आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या केंद्राचा अनुभव होता. त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम आणि उद्योगांशी दुवा जोडण्यासाठी स्वतंत्र संचालकाचं पदही आणलं. आणि आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुलांना फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) यांचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमाचे गुणांक, मिळवावे लागतात. थोडक्यात, गावात येणाऱ्या मुलांची संख्या वाढलीय आणि अजून वाढणार.

मोजतात ते गावं, अहवाल आणि क्रेडिट. अहवाल सादर झाला, मार्क पडले, की विषय संपला.

शेजारच्या वाडीत काही वर्षांपूर्वी एका कॉलेजने, नाव नको, सौर वाळवणी यंत्र बसवलं. आमसुलांसाठी. मुलं हुशार होती, कामाला पक्की होती. यंत्र पहिल्या उन्हाळ्यात छान चाललं, पेपरात फोटो आला. पावसाळ्यात वरचा पारदर्शक पत्रा तडकला. तो पत्रा कुठून आणला होता हे ज्या मुलाला ठाऊक होतं तो पास होऊन पुण्याला गेला होता. नव्या बॅचला नवा विषय हवा होता. यंत्र कॉलेजचं, जागा ग्रामपंचायतीची, आमसुलं बायकांची, म्हणून दुरुस्ती कुणाचीच नाही. आता त्यात कोंबड्या बसतात. ऊब चांगली असते म्हणे.

त्याहून मोठी अडचण पंचांगाची. बोंडू मार्च ते मे. कॉलेजची परीक्षा एप्रिल-मे. म्हणजे ज्या दिवसांत रस काढणारं यंत्र झाडाखाली तपासायला हवं नेमके त्याच दिवसांत मुलं अभ्यासाला बसलेली किंवा सुट्टीवर. ऑगस्टमध्ये ती उत्साहाने येतात तेव्हा दाखवायला एक बोंडू नसतो. कृषी महाविद्यालयाची रावेची, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवाची, मुलं गावात राहतात, त्यांचंही सत्र पावसाळ्यातलं. भाताला उत्तम, काजूला निरुपयोगी.

पण ग्रामपंचायतीचा प्रश्न असेल तर मी याच दाराकडे बोट दाखवीन. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो, कारण जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं. विहिरींची पातळी वर्षभर मोजणं, नळयोजना कुठे गळते ते शोधणं, कचऱ्याचं वजन करणं, ही कामं विद्यार्थ्यांनी करण्यासारखीच आहेत. सिताराच्या मुलांनी कर्जत तालुक्यात पाणी योजनांवर असंच काम केलंय. तिथे अहवाल हेच उत्पादन असतं. सरपंचाला जिल्हा परिषदेत टेबलावर ठेवायला कागद हवा असतो आणि कॉलेजला कागदच द्यायचा असतो. दोघांचं रजिस्टर जुळलं.

चौथं दार: इनक्युबेटर

पंचवीस लाखांची गोष्ट खोटी नाही, अर्धवट आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेत रफ्तार नावाखाली कृषी स्टार्टअपना आधार देण्याची व्यवस्था २०१८-१९ पासून उभी राहिली. पाच नॉलेज पार्टनर, म्हणजे मार्गदर्शक, संस्था आणि त्यांच्या हाताखाली चोवीस इनक्युबेटर, म्हणजे नवे धंदे उभे करायला मदत करणारी केंद्रं, बहुतेक कृषी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांत. तेव्हाचे नियम असे: आधी दोन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना दहा हजार विद्यावेतन. मग कल्पनेच्या टप्प्यावर पाच लाखांपर्यंत, त्यात दहा टक्के वाटा स्वतःचा. पुढच्या टप्प्यावर पंचवीस लाखांपर्यंत, स्वतःचा वाटा पंधरा टक्के. पैसे हप्त्यांनी.

आम्हाला सगळ्यात जवळची नॉलेज पार्टनर संस्था धारवाडचं कृषी विद्यापीठ. गंमत म्हणजे सावंतवाडीहून दापोलीपेक्षा धारवाड जवळ आहे, आंबोली चढलं की बेळगाव आणि पुढे सरळ रस्ता. अंतराची अडचण नाही. अडचण आहे ती जे मोजतात त्याची: नोंदलेल्या कंपन्या, त्यांनी उभं केलेलं भांडवल, नोकऱ्या, नवेपणा. समितीसमोर उभं राहून पाच वर्षांत उलाढाल किती हे सांगावं लागतं. वयनीने साधा प्रश्न विचारला, "कागद भरूचे कोणी?" कंपनी काढली की दरवर्षीचा सीए, विवरणपत्रं, सभेचं इतिवृत्त. अकरा बायकांपैकी एकीने वर्षभर दुसरं काही न करता हेच करावं लागेल.

दुसरं असं, की सरबत हे नवं नाही. बोंडूच्या चोथ्यापासून काही वेगळं केलंत, बोंडू दुसऱ्या दिवशी सडतो त्यावर झाडाखालीच चालेल असा तोडगा काढलात, तर हे दार तुमचं. बी एक किलो निघते तेव्हा बोंडू आठ-दहा किलो निघतो आणि आपल्याकडे तो बहुतेक झाडाखालीच कुजतो. गोव्यात त्याची फेणी होते. हा प्रश्न सोडवणाऱ्याला पंचवीस लाख कमीच आहेत. एखाद्या अन्नतंत्रज्ञान शिकलेल्या मुलीने हे दार ठोठवावं असं मला मनापासून वाटतं. वयनीने नाही.

आणि ते माहितीपत्रक

पीएमएफएमईला लोक ज्ञानाची योजना समजतात, कारण त्यात प्रशिक्षण आहे. ती मुळात कर्जाची योजना आहे. २०२० साली आली. यंत्रसामग्रीच्या प्रकल्पाला ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. स्वतःचे किमान दहा टक्के घालायचे. जिल्ह्यात नेमलेली संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवाल करून देते आणि तिचं मानधन मंजूर झालेल्या कर्ज प्रकरणामागे असतं, मार्गदर्शक सूचनांत ते वीस हजार धरलंय. म्हणजे इथलं रजिस्टर कर्जाचं. ती व्यक्ती तुम्हाला "थोडं थांबा, एक हंगाम विकून बघा" असं कशाला सांगेल? ते तुमचं तुम्हीच स्वतःला सांगायचं.

यातला एक भाग मात्र गटासाठी चांगला आहे. बचत गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल, उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, यंत्रणेमार्फत. बाटल्या, बुचं, साखर यांच्यासाठी हंगामाआधी रोख लागते, तिथे ते कामाला येतं. योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवलेली होती, त्यामुळे अर्जाआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात सद्यस्थिती विचारून घ्यावी.

कधी जायचं

कुठे जायचं याइतकंच कधी जायचं हे महत्त्वाचं, आणि ते कुणी सांगत नाही. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रशिक्षणांचा पाऊस पडतो, कारण निधी संपवायचा असतो. एप्रिलमध्ये, बोंडू भरात असताना, नव्या वर्षाचा निधी वाटेत असतो. गेल्या काही वर्षांत मी हे चार वेळा तरी पाहिलंय: बायका बोंडूची टोपली घेऊन तयार आणि साहेब म्हणतात, "ग्रँट आली की घेऊ."

म्हणून दिवाळी झाली की केंद्रात जायचं. पुढच्या वर्षाचा कृती आराखडा तेव्हा तयार होत असतो. "मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वाडीत, आमच्या भांड्यांत, पंचवीस बायकांसाठी प्रात्यक्षिक" असं लेखी द्यायचं. पंचवीस हा आकडा मुद्दाम. अकरा म्हटलं तर टाळाटाळ होऊ शकते. पंचवीस सह्या म्हणजे त्यांचंही काम झालं. शेजारच्या गटाला बोलवा, आकडा भरतो. केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीत शेतकरी प्रतिनिधी असतात. त्यांच्यातला एखादा ओळखीचा निघाला तर त्याच्या कानावर घाला.

वयनीला मी हेच सांगितलं. यंदा फक्त केंद्र. बाटल्या सहाशेच्या वर नाहीत. प्रत्येक लॉटची तारीख, रसाचं माप, साखरेचं माप आणि विद्राव्य घटकांचा आकडा एका वहीत. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी गटाच्या नावाने. हंगाम पार पडला आणि वहीत नफा दिसला तर बीज भांडवल. दुसरा हंगाम पार पडला तर पीएमएफएमईचा विचार. भाच्याला हवं असेल तर त्याने बोंडूचा प्रेस बनवावा, पण दोन अटींवर: कुडाळच्या वेल्डरला दुरुस्त करता आला पाहिजे, आणि देताना यंत्र गटाच्या मालकीचं आहे असा कागद. चाकरमान्याला चहा द्यावा.

ती ऐकून घेते, पण घाई तिच्या रक्तातच आहे. दसऱ्यालाच तिने मोबाइलवरून रिफ्रॅक्टोमीटर मागवला, स्वस्तातला. आला तेव्हा मला दाखवायला घेऊन आली. पाकाचा थेंब टाकला तर सगळीच काच पांढरी, निळं काहीच नाही, रेघ कुठेच नाही. शून्य ते बत्तीस मापाचा होता, रसवंतीवाल्यांना चालणारा. सिरपला ५८ ते ९० लागतो, ते पाकिटावर बघून घ्यायचं असतं. परत पाठवलाय. दुसरा निघालाय, कुरिअरवाला म्हणतो बांद्यात आहे. आणि केंद्रातला अर्ज तिने स्वतः लिहिलाय. त्यात पंचवीसच्या जागी चाळीस बायका लिहिल्यात.